शेवटच्या घरापर्यंतचा भोपळा

अक्का, उद्या भोगी, आणि भोपळा अजून वेलावरच आहे.

कार्तिगैचे दिवे लागायच्या आधी तुम्ही गेलात. तेरावं झालं, मद्रासेहून आलेली माणसं परत गेली. तुमच्या पुतण्यानं पुढच्या खोल्यांना कुलपं घातली, आमची मागची खोली आणि परसू तेवढं उघडं ठेवलं. निघताना मला म्हणाला, आमच्याकडे यंदा वर्षभर सण नाही, भोपळ्याचं काय ते तुम्ही बघा. त्याला मराठी समजतं, पण बोलला तमिळमध्येच. भोपळ्याचं बघायचं म्हणजे काय करायचं असतं ते त्याला ठाऊक नसावं. मला ठाऊक आहे, म्हणून घास गोड लागत नाही.

उद्या या भोपळ्याच्या फोडी रस्त्यातल्या घराघरात जायच्या आहेत, आणि न्यायला तुम्ही नाही. माझ्या हातची फोड लोक घेतील का? शेवटच्या घरातली पंकजम मामी घेईल का? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शेवंते, तूं आधीं भितेस आणि मग विचारतेस. तसंच चाललं आहे. भिऊन झालं. आता विचारते.

हे लिहिते आहे ती बाळबोध अक्षरं तुम्हांला वाचता येत नव्हती. तमिळ वर्तमानपत्र तुम्ही घडाघडा वाचत होतात, पण घरातली सासऱ्यांची पोथी फडक्यात बांधून फळीवर होती आणि ती उघडून वाचेल असं तुमच्या घरात कोणी उरलं नव्हतं. मी चौथीतून निघाले. आई अंथरुणाला खिळली, पाठची भावंडं माझ्या काखेत आली, आणि शाळा सुटली ती सुटलीच. चौथी शिकले असं सांगायची मला लाज वाटायची. तुम्ही मात्र ऐकल्याबरोबर पोथी काढून माझ्यापुढे ठेवलीत. मी अडखळत वाचायचे आणि तुम्ही खांबाला टेकून डोळे मिटून ऐकायचात. मी शब्द चुकले की डोळे न उघडता दुरुस्त करायचात, कारण लहानपणी ऐकून ऐकून निम्मी पोथी तुम्हांला पाठच होती. मी म्हटलं, मग मी कशाला वाचायचं? तर म्हणालात, पाठ आहे तें माझें. कागदावर आहे तें खरें की नाही, तें तूं सांग.

आपली पहिली भेट भाजीबाजारात झाली. ह्यांना मुंबईच्या इंजिनवाल्यांनी इथल्या भाताच्या गिरणीत इंजिन बसवायला पाठवलं होतं आणि गिरणीनं ठेवूनच घेतलं. मी वेंगुर्ल्याकडची, समुद्राच्या गाजेशिवाय झोप न येणारी. तमिळचा गंध नाही. वांगी हातात धरून ह्यांना म्हणत होते की ही बाई आपल्याला फसवते आहे, एवढ्यात मागून आवाज आला, "फसवीत नाही ती. तूंच अशी खुळ्यासारखी पाहतेस, मग कोण नाहीं भाव वाढवणार?" मागे वळून बघते तो पांढऱ्या लुगड्यातल्या, हातात पिशवी घेतलेल्या तुम्ही. बोली मराठी, पण पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्यांची, आमच्याकडे जुन्या दस्तऐवजात असते तसली, आणि वर तमिळचा हेल. मला रडू आलं आणि हसूही. त्याच आठवड्यात तुम्ही मागची खोली दिलीत. अट एकच, घरात मासळी नाही. बाहेर काय खाल तें तुमच्या पोटास ठाऊक, असं म्हणालात.

त्या वर्षीच्या भोगीला मी पहिल्यांदा तुमचा भोपळा पाहिला. परसातल्या विहिरीजवळ एकच वेल, वेलावर एकच फळ. बाकीची कोवळी फळं तुम्ही नखानं खुडून टाकायचात. एकास पोसायचें तर बाकीच्यांस सोडावें लागतें, असं म्हणायचात आणि खुडताना तोंड दुसरीकडे करायचात. भोपळा उचलायला दोन माणसं लागली. गवळ्याला बोलावून पहिला घाव त्याच्याकडून घालून घेतलात, कारण अख्खा भोपळा बाईनं कापायचा नाही, तो थोरल्या लेकासारखा असतो. आमच्याकडेही हेच म्हणतात. मी आपली बोलून गेले की अक्का, तुम्ही बाकी एवढं काही मानत नाही, मग हेच का मानता? तुम्ही गवळ्याच्या कोयत्याकडे बघत म्हणालात, "लेक दिला नाही देवानें. आतां आहे त्यावर मीच सुरी चालवूं?"

मग फोडी केल्यात, केळीच्या पानाच्या तुकड्यांवर ठेवल्यात आणि घरोघर दिल्यात. सर्वांकडे पोंगलच्या कूटूला, त्या डाळ घातलेल्या भाजीला, ती फोड. त्या वेळी मला वाटलं, हौस आहे बाईला. भोपळा एवढा मोठा का हवा ते दुसऱ्या वर्षी कळलं. संक्रांतीला आपल्या लोकांच्या घरी हळदीकुंकू होतं, मला बोलावणं आलं, तुम्हांला आलं नाही. येणार नव्हतंच, आणि तुम्ही वाटही पाहिली नव्हती. तुम्हांला कोणाला वाण देता येत नव्हतं, कोणाची ओटी भरता येत नव्हती. भोपळ्याची फोड मात्र कोणी नको म्हणत नव्हतं. वर्षातून एकदा तुम्ही प्रत्येक दारात उभ्या राहून काहीतरी देत होतात. भोपळा लहान पडला तर चार दारं राहून जातील, म्हणून तो शेवटच्या घरापर्यंत पुरेल एवढा व्हायलाच हवा होता.

आणि म्हणूनच आपली सगळी भांडणं खतावरून झाली.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमारास, बी टोचायचं, त्याआधी हातभर खोल खड्डा. तळाला कडुनिंबाच्या पेंडीचा चुरा, हुमणी लागू नये म्हणून. त्यावर करंजाचा पाला, मग तळं आटल्यावर गाडीनं आणवलेला काळा गाळ, मग शेण. शेणानें एक पावसाळा पाहिलेला असला पाहिजे, हा तुमचा नियम. ताजं शेण मुळं भाजतं. वर चुलीतली राख. एवढं मला पटत होतं. पुढचं पटत नव्हतं. फळ धरल्यावर तुम्ही शेंगदाण्याची पेंड मडक्यात भिजत घालायचात आणि ते पाणी वेलाच्या बुडापासून लांब, गोल फिरवून घालायचात. तिसऱ्या दिवशी त्या मडक्याचा असा वास सुटायचा की हे गिरणीतून आले की नाक धरूनच आत शिरायचे. मी म्हणायचे, अक्का, हा वास सोवळ्यातला का? मग माझ्या आईची सुकी मासळी काय वाईट? आमच्याकडे मिरचीला, पडवळाला, माडाला वाळल्या मासळीचा चुरा पुरतात. तुमचा भोपळा दोघं उचलतात, आईचा असता तर चौघं लागले असते. मुळांना कसलं आलंय सोवळं?

"मुळांस नाही," तुम्ही म्हणायचात. "फोडींस आहे."

दर वर्षी हेच. ओरत्तनाडूकडच्या तुमच्या शेतात मेंढ्या बसवतात, तिथून लेंड्यांचं पोतं यायचं. त्यावर मी म्हणायचे, मेंढी चालते आणि मासा चालत नाही? तुम्ही म्हणायचात, मेंढी गवत खाते, तुझा मासा मासे खातो. एकदा तुमचा पुतण्या सरकारी डेपोतून पांढऱ्या मिठासारख्या खताची पिशवी घेऊन आला. आता सगळीकडे हेच घालतात, शेणगाळ कशाला उपसता, असं म्हणून स्वतःच्या हातानं घालून गेला. पानं सुपाएवढी झाली. भोपळाही मोठा झाला, पण मार्गळीच्या, भोगीआधीच्या महिन्यातल्या, पावसात खालून मऊ पडला, आणि चांगला भाग राहिला तो पाणचट. तुम्ही एक तुकडा चाखून बघितलात आणि म्हणालात, हें फुगलें, वाढलें नाही. त्या एका गोष्टीवर आपलं दोघींचं एकमत झालं.

मग आईची तार आली. म्हणजे आई गेल्याची. गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार, आणि माझा धाकटा मुलगा तापानं फणफणलेला. जाता आलं नाही. मी मोरीत बसून राहिले. तुम्ही आलात, डोक्यावरून हात फिरवला नाहीत, रडू नको म्हटलं नाहीत. म्हणालात, ऊठ, आडी चालला आहे, खड्डा खणायचा आहे. मला तेव्हा राग आला होता, अक्का. तरी उठले. विहिरीजवळचा तुमचा खड्डा खणून झाला तर तुम्ही परसाच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाजवळ बोट दाखवलंत. इथें आणखी एक. मी विचारलं, हा कशाला? "तुझ्या आईचा," म्हणालात. "तिच्या पद्धतीनें एक वेल लाव. काय हवें तें घाल."

कीळवासलच्या बाजारातून ह्यांनी सुकी मासळी आणली. परसाच्या मागच्या दारानं आत घेतली. तुम्ही विहिरीच्या काठावर उभ्या राहून नाकाला पदर लावून बघत होतात. मी मासळी पुरली, गाळ लोटला, वर दगड ठेवले, बाभळीच्या काट्या ठेवल्या. त्या मातीला आमच्या अंगणाचा वास येत होता. तार आल्यापासून पहिल्यांदा मी तिथे बसून नीट रडले.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना काट्यांचं काय. त्यांनी पहाटे खड्डा उकरला आणि एकानं अर्धा बांगडा नेऊन पंकजम मामीच्या दारातल्या कोलमवर, ताज्या रांगोळीवर ठेवला. मामी तिथवरून चालत आली. तुमच्या परसातलं का हे, असं तिनं विचारलं. माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतंत तरी कोणी तुम्हांला नावं ठेवली नसती. मासळी खाणारी भाडेकरीण, तिचं काम. पण तुम्ही म्हणालात, माझ्याच परसातलं, मीच पुरायला सांगितलं. मामी आल्या वाटेनं परत गेली. पंकजम मामी बोलत नाही तेव्हा फार बोलते.

आईचा वेल वाळून गेला. मासळीनं भोपळा खरंच मोठा होतो की नाही ते ठरायचं राहिलंच. भोगीला फोडी गेल्या त्या तुमच्या पेंडीच्या वेलाच्या, आणि ते तुम्ही कोणाला समजावत बसला नाहीत. सगळ्यांनी घेतल्या. मामीनंही हसून घेतली. दुपारी आपण देवळाकडे निघालो, तर तिच्या दाराशी बांधलेल्या गाईच्या डोणीत ती फोड अख्खीच्या अख्खी पडली होती, केळीच्या पानासकट. मी तुमच्याकडे बघायला भ्यायले. तुम्ही चालता चालताच म्हणालात, "गाईनें तरी गोड मानून घेतलें."

त्यानंतर मी मासळीचा विषय काढला नाही. तुम्ही मामीकडे दर भोगीला फोड देत राहिलात, ती हसून घेत राहिली. मार्गळीत तिच्या नाती पहाटे कोलमवर ठेवायला आपल्याच वेलाची पिवळी फुलं न्यायच्या. तुम्ही त्यांना नरफुलं कुठली ते दाखवायचात, मादीफुलाला हात लावाल तर बोटं मोडीन म्हणायचात. फुलं चालत होती, फोड चालत नव्हती. आणि भोगीच्या दुपारी तुम्ही त्या बाजूनं पुन्हा कधी गेला नाहीत. लांबचा फेरा घालून देवळात जायचात. हे मी पाहत होते. तुम्ही माझ्या आईसाठी काय पणाला लावलंत हे कळत होतं, आणि एकदाही तोंडानं म्हटलं नाही. म्हणायला गेले असते तर तुम्ही पो डी, जा गं, म्हणून उठून गेला असतात. तरी म्हणायला हवं होतं.

यंदा आडीत तुम्ही खाटेवर होतात. खाट मागच्या पडवीत ओढून घेतलीत, परसू दिसावं म्हणून. म्हणालात, या सालीं खताचें तूं ठरव. मी ठरवलं. कडुनिंबाची पेंड, करंज, गाळ, वर्षाचं मुरलेलं शेण, राख. शेंगदाण्याची पेंड मडक्यात भिजवली. तुमच्याच पद्धतीनं, एक जिन्नस इकडचा तिकडे नाही. संध्याकाळी पेज भरवायला बसले तेव्हा तुम्ही विचारलंत, मासळी? मी म्हटलं, नाही घातली. मला वाटलं तुम्हांला बरं वाटेल. तुम्ही मान फिरवलीत.

"घालायची होतीस," म्हणालात.

मी म्हटलं, अक्का, लोक घेणार नाहीत.

"घेतात की नाहीं, तेंच पाहायचें होतें मज. सोवळें मी पाळलें जन्मभर. भोपळ्यानें कशास पाळावें?" आणि वर, "भिऊन केलेंस तें खत नव्हे, शेवंते."

मी रागावले. तुम्ही आजारी आणि मी रागावले. म्हटलं, तुमच्यासाठीच केलं, तुमच्या फोडी परत येऊ नयेत म्हणून. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. नंतर तुम्ही वेलाची चौकशी करायचात, किती पसरला, भुंगे पडले का, राख उडवलीस का. फळ धरलं तेव्हा हाताला धरून तुम्हांला पडवीच्या पायरीपर्यंत आणलं, तुम्ही ते लांबूनच पाहिलंत आणि म्हणालात, बरा आहे. पण ते भांडण तिथेच राहिलं. मी बरोबर केलं की तुम्ही म्हणत होतात ते बरोबर, मला अजून ठरवता येत नाही.

आता थांबते. भाताचा पेंढा भोपळ्याखाली पुन्हा सारखा करायचा आहे.

*

भोगी झाली, अक्का.

भोपळा ह्यांनी आणि गवळ्यानं मिळून उचलला. लहान पोरानं वर बसावं तर पाय टेकू नयेत एवढा भरला. पहिला घाव ह्यांनी घातला. मी तेवढ्यापुरती तोंड फिरवून उभी राहिले, तुम्ही कोवळी फळं खुडताना राहायचात तशी. आत केशरी रंग असा की पोरं ओट्यावरून उठून बघायला आली. बिया वेगळ्या काढून राखेत घोळवून ठेवल्या आहेत.

मग पानाचे तुकडे केले आणि निघाले. पहिलं दार शेजाऱ्यांचं. त्यांनी घेतली, तुमची आठवण काढली. पुढच्या दारात घेतली. कोणी म्हणालं, अक्का गेल्या तरी भोपळा आला. कोणी डोळे पुसले. मला वाटेत आठवत होतं ते फक्त शेवटचं घर. उत्तर मी आडीपासून घोकत होते. पेंड, पाला, गाळ, शेण, राख. मासळी नाही. खरं उत्तर होतं, कोणाला भ्यायचं कारण नव्हतं.

पंकजम मामी दारातच उभी होती. कदाचित मला रस्त्यानं येताना बघत असेल. फोड पुढे केली तर तिनं हात पुढे केला नाही. "सेवंदी," ती म्हणाली, तिच्या तमिळमध्ये, "यंदा काय घातलंस वेलाला?"

उत्तर जिभेवर होतं. बोलले असते तर तिनं घेतलीच असती. आणि मला तुमची फिरवलेली मान दिसली.

"आधी घ्या, मामी," मी म्हटलं. "मग सांगते."

माझ्या तोंडून हे कसं निघालं मला माहीत नाही.  मामीनं रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बघितलं, जिथे तुमच्या पुढच्या दाराला कुलूप आहे. तिनं पदराला हात पुसले, दोन्ही हातांनी फोड घेतली आणि आत वळली. आतून सुनेला सांगितलेलं ऐकू आलं, चिंच भिजत घाल म्हणून. मी पायरीवर उत्तर घेऊन उभी होते. ती बाहेर आली नाही.

दुपारी मी देवळात गेले. लांबच्या फेऱ्यानं नाही, त्याच बाजूनं. देवाचं नाव घेत भरभर चालले, तुम्ही हसला असतात. गाय डोणीत तोंड घालून होती. मी जवळ जाऊन पाहिलं.

साल होती, अक्का. नुसती साल, पातळ सोललेली.